ग्लिसरीनचं टोक

प्रिय घड्याळबाई,

तू तीन वेळा फोन केलास, मी उचलला नाही. रागावली असशील. सोमवारी दहा वाजता सर तुझ्यापुढे कागद ठेवणार आणि तू सही करून मोकळी होणार, हे तुझ्या आईकडून कळलं. ‘नमुने गोठवण्यात माझ्याकडून हयगय झाली.’ एवढंच वाक्य, पण त्यावर सही केलीस तर यापुढे कुठलीही प्रयोगशाळा तुला दारात उभं करणार नाही. आणि नाही केलीस तर चौकशी.

तुझ्याकडून हयगय! पेशंटच्या दंडावरून डाळीएवढी त्वचा निघाली रे निघाली, की तू मोठ्याने सेकंद मोजायला लागायचीस. डॉक्टरसुद्धा तुझ्या धाकात असायचे. त्वचेत साखर, चरबी कशी खर्ची पडते ते आपल्या चुंबकाच्या यंत्रात बघायचं, तर तुकडा लगेच गोठायला हवा. नाहीतर चरबी फुटते आणि ग्लिसरीन वाढतं. हे मला तूच शिकवलंस. यंत्राच्या आलेखावर प्रत्येक पदार्थाचं आपलं टोक उठतं, आणि नेमकं ग्लिसरीनचंच ताडमाड उभं राहिलं, तेही बावीस नमुन्यांत. सरांनी तडक तुझ्याकडे बोट दाखवलं. मी शेजारीच होते, खाली मान घालून नळ्या पुसत राहिले.

इथे सगळे कुजबुजतात. यंत्र सांभाळणारे काका मात्र सरांच्या तोंडावर म्हणाले, की ही पोर असं करणं शक्यच नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी एके दुपारी, खोलीत कुणी नसताना, मी एका नळीत, आपण तुकड्याभोवती भरतो ते मिठाचं पाणी नुसतंच भरलं. त्वचेचा कणही नाही. नळी यंत्रात सोडली आणि पडद्यासमोर नखं खात बसले. टोक आलं. तेच, तिथेच.

आपली ती पेराएवढी नळी तुला ठाऊक आहे. तिचं बूच हातमोजे घालून बसतच नाही, सारखं निसटतं. म्हणून मी मोजे काढून बोटाने दाबायचे. थंडीने हात फुटतात म्हणून त्याच बोटांना दिवसभर क्रीम चोपडलेलं असायचं, आणि क्रीममध्ये ग्लिसरीन असतं. बावीसही नळ्या मीच भरल्या होत्या गं. हे मला अकरा दिवसांपूर्वी कळलं. माझी नोकरीत कायम होण्याची ऑर्डर निघायची होती, म्हणून गप्प बसले. ती परवा आली. आज सकाळी सगळं लिहून सरांना दिलं. त्यांनी वाचलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाले, की मंगळवारपर्यंत नीट विचार कर. मंगळवारपर्यंत, म्हणजे तुझी सही झाल्यावर! फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा सगळं गिळून बसले असते, म्हणून हे पत्र. सोबत मिठाच्या पाण्याचा आलेख आहे, खाली माझी सही आणि तारीख. तारीख अकरा दिवसांपूर्वीची आहे, ती मी खोडलेली नाही. मला माफ करू नकोस, पण सोमवारी सही करू नकोस.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
बडबडी