पन्नीचे डोहाळे

६ मार्च १९९४

पोहोचलो एकदाचे. मिरजेहून निघताना आईने दहादा बजावलं होतं, यामिनी, परक्या मुलखात जीभ जरा आवर. पण स्टेशनबाहेर शेव पेरलेले पोहे आणि शेजारी गरम जलेबी अशी बशी पुढे आली, आणि मी सुशांतला तिथेच सांगून टाकलं की इंदूरशी माझं जमणार. चहा तर चक्क प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दोऱ्याने बांधून दिला. पिशवीला इथे पन्नी म्हणतात. वाफाळता चहा, पण एक थेंब सांडला नाही. आमची मिरज अजून किटलीच धरून बसली आहे.

घर स्नेहलतागंजात, वरच्या मजल्यावर, रस्त्याकडे गॅलरी. खाली घरमालक बाबूराव आणि भानुमतीकाकू. बाबूरावांनी उभा जन्म नाल्यापलीकडच्या मिलमध्ये माग चालवला. ती मिल बंद पडली. आता तिच्याच एका शेडमध्ये पन्न्यांचा नवा कारखाना निघालाय आणि माझा नवरा तिथे सुपरवायझर आहे. बाबूरावही तिथेच लागलेत. गावातून गोळा केलेल्या जुन्या पन्न्या वितळवायच्या, हे त्यांचं काम.

काकूंची मराठी ऐकून हसू आवरत नाही. म्हणाल्या, "टेन्शन नको घेऊस सूनबाई, काही पण लागलं तर आवाज दे." दिला की नाही लगेच, मिरच्या मागायला.

१९ मार्च

पहिली पोळी गायीची, हा आईचा नेम मी इथेही चालू केला. गल्लीत गौरी नावाची गाय फिरते. मालक कोण, कुणाला ठाऊक नाही. रोज सकाळी बरोब्बर आमच्या गॅलरीखाली येऊन मान वर करते. खाली रस्त्यावर धूळ, थुंकी, काय नाही. अन्न असं मातीत टाकायचं म्हणजे पाप. म्हणून मी पोळी पन्नीत बांधते आणि वरून सोडते. सुशांत कारखान्यातून छपाई बिघडलेल्या पन्न्यांचा गठ्ठाच आणतो. फुकट ते पौष्टिक.

गाठ मात्र आईची. दोन फेरे आणि वर फुलासारखे दोन कान. आमच्या घरच्या बायकांशिवाय कुणाला जमत नाही. काकूंनी शिकायचा प्रयत्न केला, शेवटी म्हणाल्या, तूच बांध बाई. आता सगळी गल्ली गायीला घालायचं उरलंसुरलं माझ्याकडूनच बांधून नेते. मला आपलं बरं वाटतं, नव्या गावात काहीतरी मान आहे.

११ एप्रिल

तुकोगंजातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दिवस गेलेत. सुशांत येताना रिक्षात गात होता, बेसूर. काकूंनी दृष्ट काढली. मी हसले आणि मग उगीचच रडले.

एक मजा लिहून ठेवते. दुपारी कारखान्याची भट्टी लागली की जळक्या पन्नीचा वास येतो. सगळ्या बायका खिडक्या लावतात. मी उघडते. पहिल्या पावसात मातीचा येतो ना, तसा मला तो गोड लागतो.

२८ मे

डोहाळेच ते. काकूंना हळूच सांगितलं. म्हणाल्या, त्यांना मुलतानी माती खावीशी वाटायची आणि सासूने ती बाजारातून आणून दिली होती. "डोहाळ्याला मना नाही करायचं. नाहीतर लेकराची लाळ गळते." आता चहासुद्धा मी पन्नीतलाच मागवते. कपात ओतत नाही. कोपरा दाताने फोडून तसाच पिते, गरम गरम. चहा संपला तरी कोपरा तोंडात राहतो.

गौरीही गाभण आहे. पोट केवढं फुगलंय. काकूंनी तिला हळदकुंकू लावलं, गल्लीतल्या बायकांनी खणाची ओटी भरली. मी म्हटलं, जोडीनेच बाळंत होऊ गं. आता तिला दोन जिवांचं लागणार, म्हणून सगळ्यांनी घास वाढवले. माझ्या गाठीही वाढल्या.

२ जुलै

बाबूरावांचा खोकला फार वाढलाय. आज रुमाल धुताना काकूंनी मला दाखवला. थुंकी काळी, त्यात चमकणारं काहीतरी. सुशांतने कारखान्याच्या मालकाच्या कानावर घातलं. मालक म्हणाला, मिलमध्येही कापसाचे तंतू छातीत जायचेच. बाबूराव स्वतः म्हणतात, हे सोडलं तर दुसरं आहे काय.

मी त्या रुमालाकडे बघत राहिले. मला किळस यायला हवी होती. तोंडाला पाणी सुटलं.

२३ जुलै

गिळते आहे. लिहायलाच हवं, कुणाला सांगता येत नाही. नुसतं चघळून भागत नाही. आधी बोटाएवढा तुकडा, आता अख्खा कोपरा. सुशांतच्या एकदा लक्षात आलं, तेव्हा हसून म्हणाला, कारखान्याचा वारस होणार बघ.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. पोट मोठं आहे पण मूल लहान आहे म्हणतात. काय खातेस, विचारलं. पोळीभाजी म्हणाले. त्या धुरातून बाहेर जा, म्हणाल्या, पण प्रवास करू नकोस. मग जाऊ कुठे? मिरजेला आईकडे जायचं ठरलं होतं ते राहिलं. सुशांत म्हणतो दुसरं घर बघू. पगार झाला की बघू, असं रोज म्हणतो.

१७ ऑगस्ट

गौरी उठत नाही. गॅलरीखालीच बसलीय, पाय पसरून. पोट नगाऱ्यासारखं. कळा लागल्यात म्हणून काकूंनी गूळ आणला. तोंडही लावलं नाही. मी पन्नी सोडली, ती तिच्या पुढ्यात तशीच पडून राहिली.

१८ ऑगस्ट

सकाळी गेली.

वासरू तरी वाचवा म्हणून सगळ्यांनी गुरांच्या डॉक्टरला आणलं. त्याने पोट फाडलं. वासरू नव्हतं. वासरू कधीच नव्हतं. नुसत्या पन्न्या. ओढतोय, ओढतोय, संपतच नाहीत. लाल, निळ्या, एकमेकींत पिळलेल्या. म्हणाला, पोटात जागाच उरली नव्हती, भुकेने मेली. आम्ही सगळे रोज खायला घालत होतो, आणि ती भुकेने मेली.

गाठी सुटल्या नव्हत्या. दोन फेरे, वर दोन कान. डॉक्टरने एक फोडली. आत पोळी होती. माझी.

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या पोटाकडे बघत होत्या.

२० ऑगस्ट

घरातल्या सगळ्या पन्न्या बाहेर टाकल्या. नाल्यात. नाला आधीच भरलेला.

देवासमोर शपथ घेतली. पुन्हा नाही.

२२ ऑगस्ट

मूल फिरतंय. जोरात. लाथ नाही ही. लाथ कशी असते ते आई सांगायची. हे तसं नाही. कान देऊन ऐकलं. सुशांतलाही कान लावायला सांगितलं. तो म्हणाला, काही नाही, तुझी साडी वाजतेय.

साडी सुती आहे.

२५ ऑगस्ट

पाच दिवस पन्नी तोंडात नाही — ते थांबत नाही. सळसळतंय. बसू देत नाही. आज दुपारी भट्टी लागली, वास आला — एकदम शांत झालं. खिडकी लावली — पुन्हा सुरू.

त्यालाच हवंय. माझे नव्हतेच हे डोहाळे.

२९ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा पोट चाचपलं. मग म्हणाल्या, बंद केलंस ते बंदच ठेव. मी म्हटलं, बंद केलं की ते — त्यांनी सुशांतला बाहेर बोलावलं. काय बोलल्या तो सांगत नाही.

बाबूराव आजपासून कामावर नाहीत. श्वास पुरत नाही. सुशांत रोज जातोच आहे.

४ सप्टेंबर

आज डोहाळेजेवण. मला नको होतं. काकू म्हणाल्या, सातव्यात करावंच लागतं, अपशकुन नको. हिरवी साडी, फुलांची वाडी. समोर दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा.

वाट्यांकडे हात गेलाच नाही. मिठाई ज्या पन्नीतून आणली होती ती कोपऱ्यात पडली होती. हात तिच्यावर गेला. बायका हसल्या. काकू एकट्या नाही हसल्या. म्हणाल्या, "ठेव ती, सूनबाई." मी ठेवली नाही. ठेवता आली नाही.

आतल्या खोलीत येऊन बसलेय. बाहेर गाणी चाललीत. ती तोंडात आहे. देवा, किती गोड — शांत झालं लगेच. काही सळसळ नाही.

नाही. शांत नाही. पोटावर हात ठेवला. मी चावते, थांबते. मी थांबले तरी आत —

आत ते थांबत नाही. बारीक बारीक. आत कुणीतरी चाव