हवेतला टॉवेल

पाटनीपुरा, इंदूर

प्रिय प्रशिक,

जयभीम, आणि आत्याच्या गालभर पाप्या. फायनलला उतरणारा पहिलवान झालास म्हणून पाप्या बंद होत नसतात.

सकाळी पोहे केले. वरून भुरभुरायला जिरावण मसाल्याची डबी उघडली आणि तू आठवलास. तुझ्यासारखं जिरावण उधळणारं आता या घरात कोणी नाही, डबी भरल्या तोंडाची बसून असते. मिलचा भोंगा बंद झाल्यापासून आपल्या गल्लीत उजाडतं तेही चोरपावलांनी. पूर्वी भोंगा झाला की अख्खी गल्ली एकदम दात घासायची. आता ज्याची त्याची सकाळ वेगळी. कोणी रिक्षा काढतो, कोणी भाजीची गाडी, आणि कोणी नुसताच ओट्यावर बसून मिलच्या चिमणीकडे बघतो, जणू धूर आत्ता येईल.

समोरच्या वसुधाताईंकडे डिशच्या छत्रीचा टीव्ही आलाय. गल्लीभर तारा ओढल्यात, कपडे वाळत घालायला सोय झाली. त्यावर परदेशातलं बॉक्सिंग लागतं. मी वाल सोलायला घेऊन तिथेच बसते. त्या म्हणाल्या, मंजुळाबाई, तुम्हाला रक्त बघवतं तरी कसं? मी म्हटलं, रक्त कुठे बघते, मी तर पाय बघते. ही तुझ्या आजोबांची शिकवण. महूच्या पलटणीत असताना मला खांद्यावर बसवून रिंगपाशी न्यायचे आणि सांगायचे, मंजू, हात खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत. माझी शाळा चौथीत सुटली. पुढची अक्षरं मी शेव-जिलबीच्या पुड्यांवर वाचली, पण पाय वाचायला तिथेच शिकले.

म्हणून तुझी ती पहिली फायनल माझ्या डोळ्यांत अजून चालूच आहे. मिल तेव्हा निम्मी बंद पडली होती. तू जिंकलास तर रेल्वेत लागणार, हे पोरासोरांनाही पाठ होतं. अर्धी चाळ स्टेडियमवर, आणि तुझ्या कोपऱ्यात बादली घेऊन तुझा बाप, माझा दादा. खांद्यावर तो पांढरा टॉवेल, निळ्या काठाचा, मिलमध्ये त्याच्याच मागावर विणून निघालेला. काय खेळत होतास रे! ग्वाल्हेरचा तो धिप्पाड पोरगा नुसता वारा मारत होता आणि तू पाण्यावरच्या पानासारखा सरकत होतास. शेवटची फेरी, गुण तुझ्याकडे. मग तू दोरांपाशी गेलास, तुझा उजवा गुडघा खाली गेला, आणि पंच वळायच्या आत दादाच्या खांद्यावरचा टॉवेल उडाला. कोपऱ्यातून टॉवेल आला की हार कबूल, लढत संपली.

मला तो अजून हवेतच दिसतो. खाली पडतच नाही. दुपारी डोळा लागला की येतो, मिलमधल्या कापसाच्या तुसासारखा उन्हात तरंगत राहतो.

तू ओरडलास, पाणी सांडलं होतं, पाय घसरला फक्त! मीही सगळ्यांदेखत दादावर ओरडले, अरे ये क्या कर दिया! तो आपल्याच हातांकडे बघत राहिला, जणू ते दुसऱ्याचे होते. घरी आल्यावर तू म्हणालास, समोरच्याने नाही, बापाने हरवलं मला. घर सोडून राऊ गावात खोली घेतलीस. त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. बाकी चाळ मात्र तुमच्या वाटचंही बोलली.

आता एक जुनी गोष्ट सांगते. मिल चालू होती तेव्हा मी एकदा दादाचा डबा घेऊन मागखात्यात गेले होते. आवाज असा, की तिथले लोक ओठ वाचून बोलायचे. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात कापूस भुरभुरत होता, सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं. दादा मागाकडे पाठ करून शेजारच्या मागावरच्या श्रीपादभाऊंशी काहीतरी चेष्टा करत होता. हसता हसता त्याचा हात मागे गेला, दांडा ओढला, माग थांबला. मग तो वळला. इतक्या उभ्या धाग्यांतला एकच तुटला होता. मी विचारलं, पाठीला डोळे आहेत का तुला? तो म्हणाला, कळत नाही गं, हात जातो. तुटला तिथे थांबलं तर गाठ मारून पुढे जाता येतं. चालू राहिलं तर सगळं कापड जातं.

तेव्हा मी हसून डबा ठेवला आणि आले. परवा वसुधाताईंच्या टीव्हीवर एक पोरगा असाच दोरांपाशी गेला. त्याच्या कोपऱ्यातले ओरडत राहिले, लढ, लढ. तो लढला, आणि मग बराच वेळ उठला नाही. माझ्या मांडीवरचे सगळे वाल जमिनीवर गेले. मी वेचत बसले, आणि वेचता वेचता मला दादाचा तो मागे गेलेला हात दिसला.

तू घसरला होतास की गुडघा गेला होता, हे मला आजही माहीत नाही. पाय बघणारी मी, नेमक्या त्या क्षणी डोळे मिटून बसले होते. कदाचित तुझंच खरं असेल. कदाचित त्या दिवशी धागा तुटलाच नव्हता. पण त्याने तुला कच्चा समजून टॉवेल टाकला नाही रे. त्याने विचारच केला नाही. हात गेला.

दादा आता सांवेर रोडवर पाइपच्या कारखान्यात पहारा करतो. तिथे धागा नाही, नुसतं फाटक. दुपारी घरी बाजेवर डुलकी लागली की त्याचा उजवा हात हळूच पुढे येतो, काहीतरी ओढतो आणि परत छातीवर जाऊन निजतो. मी पंखा घालत बघत बसते. तो कोणता माग थांबवतो, की कोणाला, विचारायची हिंमत होत नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. रविवारी महूला तुझी फायनल आहे, तुझ्याकडे येत-जात असणाऱ्या धम्मदीनाने सांगितलं. दादा आम्हाला म्हणतो, रविवारी माझी ड्यूटी आहे. पण निळ्या शर्टाला दोनदा इस्त्री केलीय, आणि त्याच्या खिशात सगळ्यात मागच्या बाकाचं तिकीट मी पाहिलंय. हे पत्र ज्यात गुंडाळून धम्मदीनाच्या हाती देते आहे, तो तोच टॉवेल. पेटीच्या तळाशी होता, न विचारता काढलाय. गळ्यात घालून रिंगकडे जा. तुझ्या कोपऱ्यात तुझे कोच असतील, असू देत. पण मागे निळा शर्ट दिसला आणि मनात आलं, तर या वेळी टॉवेल तू फेक, त्याच्याकडे. एवढ्या लांब पोचणार नाही, पण महूचे लोक आहेत, हातोहात पुढे देतील. मन झालं नाही तर घाम पूस, मी रागावणार नाही. मी त्याच्या शेजारच्याच बाकावर असेन. आणि या वेळी, प्रशिक, डोळे उघडे ठेवणार आहे.

तुझीच, वाल सांडणारी,
मंजूआत्या