बकेटचा चौथा दात

सोमवार, ३ मार्च

पोकलेनच्या बकेटला चार नवे दात बसवले. दात झिजला तर बदलता येतो. पण तो ज्या बुडख्यावर चढतो, तो बकेटच्या पुढच्या पात्याला वेल्ड केलेला. तिथे तडा गेला तर दातासकट सगळं निखळतं आणि खडी फोडायच्या यंत्रात जातं. म्हणून वेल्डिंग थंड झालं की बाबा प्रत्येक बुडख्यावर हातोडी मारतात. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर तोडून पुन्हा.

हातोडी मारून माझ्याकडेच बघतात पण! घरात शिकलेली पहिली मी, वेल्डिंगही माझंच — लगेच वाटतं, माझंच काहीतरी चुकलं.

बुधवार, ५ मार्च

दुसरी बकेट. वेल्डिंगआधी पातं नीट तापलं नाही तर आतून तडकतं, म्हणून मी सारखी तपासत होते. बाबा म्हणाले, "अगं, लोखंड आहे ते, तान्हं पोर नव्हे. ताप किती वेळा बघशील?"

दुपारी मी गॅसच्या टाक्या आणायला गेले. तेवढ्यात त्यांनी एकट्यानेच ठोकून बकेट पाठवून दिली.

शुक्रवार, ७ मार्च

आई बाबांवर फणकारली. जेवायला हाका मारून घसा बसला म्हणे, तरी साहेब जागचे हलत नाहीत!

सोमवार, १० मार्च

बुधवारची बकेट परत आली. चौथा दात बुडख्यासकट गेलाय. यंत्रातून उडालेला तुकडा ड्रायव्हरच्या डोक्यावरून गेला. "थोडक्यात वाचलो, ताई," एवढंच म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

बाबांनी उरलेले बुडखे ठोकले. तिसरा बद्द वाजला — फुटक्या मडक्यासारखा. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "तोड." आत केसासारखा तडा.

मग बुधवारी हा पास कसा झाला? बाबांचा कान चुकणार नाही. म्हणजे तेव्हा चांगला होता, मागाहून तडकला. माझंच तापवणं कमी पडलं. हे काम माझं नव्हेच. उद्या सांगून टाकते.

मंगळवार, ११ मार्च

सांगायचा धीर झाला नाही.

बुधवार, १२ मार्च

शेजारच्या पात्यावर वेल्डिंग करत होते. बाबांनी ठोकायला बोलावलं, तशीच गेले, हेल्मेट तोंडावरच. त्यांनी हातोडी मारली. थांबले. पुन्हा मारली. मग स्वतःच्या हाताने माझी काच वर केली.

"तोंड झाकू नकोस गं," हळूच म्हणाले. "कसं वाजलं ते मला कळत नाही."