रविवारच्या सभेत तुझं नाव निघालं

प्रिय आई, तुला आणि बाबांना सृष्टीचा जयभीम.

फोनवर आवाज तुटतो, म्हणून लिहिते. मी मजेत आहे, जेवण बहुतेक वेळेवर होतं. नवी नोकरी अजून लागलेली नाही, पण लागेल. बाबांचा गुडघा कसा आहे?

इथे गंगापूर रोडला सॉफ्टवेअरवाल्यांचा एक गट आहे. महिन्यातून एका रविवारी जमतात आणि आपापलं काम दाखवतात, सगळं हौसेनं. काल मी बोलले. तुझ्या अंगणवाडीतल्या मुलांची वजनं नोंदवायला केलेलं अ‍ॅप दाखवलं. सुरुवात इंग्रजीत केली आणि अडखळले. गट चालवणाऱ्या हर्षालीताई म्हणाल्या, "मराठीत बोल गं." मग मी थांबलेच नाही.

शेवटी एकाने विचारलं, "मूल काट्यावर रडून हललं, तर वजन बरोबर कसं येणार?"

मी म्हटलं, "आईला विचारून सांगते. ती बावीस वर्षं वजनं करतेय."

कोणी हसलं नाही. हर्षालीताई म्हणाल्या, "मग त्यांनाच बोलाव की!"

पुढच्या महिन्याच्या सभेला येशील ना? पेठहून सकाळची एसटी धर, स्टँडवर मी असेन. माईक मी धरते, बोलायचं तू.

तुझीच,
सृष्टी