दाजींची सही

साजगाव, ११ जून २०२४

ती. ताईस दीप्तीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की सासूबाई कान देऊन बसतात, म्हणून पत्र. गटाचं कर्ज मंजूर झालं, शिलाई मशीन दारात आलं! फॉर्मवर नवऱ्याची सही नि फोटो लागत होता, पण कारखान्यातली पाळी बुडवली तर दिवसाचा रोज जातो, म्हणून हे आलेच नाहीत. कर्जवाले साहेब म्हणाले, नात्यातला दुसरा पुरुष चालेल. नशीब, दाजी खोपोलीला आले होते. त्यांनी सही केली नि फोटोला माझ्या शेजारी असे ताठ बसले की बाया हसून हसून बेजार. जळू नकोस हां!

विमाही आहे. सही करणाऱ्या दोघांपैकी कोणी गेलं तर कर्ज माफ. हप्ता दर मंगळवारी. एकीचा चुकला तर तो बाकीच्यांनी भरायचा.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी दीप्ती

कशेळे, १९ जून

चि. सौ. दीप्तीस आशीर्वाद.

जळते कशाला गं? आमच्या लग्नाच्या फोटोत तरी कुठं हसलेत ते! पण सही नरेशरावांचीच पायजे होती. एका रोजासाठी असं करू नाय. असो. पोटाला चिमटा बसला तरी हप्ता चुकवू नको. चार बाया तुझ्या भरवशावर हायेत.

माया ठेव.
दर्शनाताई

साजगाव, १६ ऑक्टोबर

ती. ताईस जयभीम.

हे गेल्यावर पुण्यानुमोदनाला राहून तुम्ही दोघं गेलात, त्यानंतर आज लिहितेय. हे गेले त्या दिवशी गटातल्या बाया रडता रडता म्हणाल्या, निदान कर्ज तरी सुटलं. विम्याच्या आशेवर तीन हप्ते त्यांनीच भरले. परवा साहेबांनी कागद दाखवला. विमा माझा नि दाजींचा. यांचं नाव कुठंच नाही.

काल बाया दिवेलागणीपर्यंत माझ्या दारात बसून होत्या. कुठल्या तोंडानं रागावू? श्रावणात संध्याचा हप्ता चुकला तेव्हा मीही तिच्या दारात बसले होते. तिचं पोर तापानं फणफणत होतं, तरी उठले नाही.

दीप्ती

कशेळे, २८ ऑक्टोबर

चि. दीप्ती,

सौ. लिहायला हात गेला नि थांबला. रडले गं.

हे म्हणतात, सही माझी, अर्धा हप्ता माझा. आता बाजारात टेंपो भरायला जातात. छातीत दुखतं ते मला सांगत नाय, पण तिथं हात दाबून बसतात ते दिसतं. सोबत पैसे हायेत. धीर सोडू नको.

ताई

साजगाव, १३ नोव्हेंबर

ती. ताईस जयभीम.

हे पत्र दाजींच्या हाती लागू देऊ नकोस.

त्यांच्या छातीचं मी काळजीपोटी गटातल्या गोदाला बोलले होते. तेव्हापासून बाया येता-जाता विचारतात, दाजी कसे आहेत? आधी बरं वाटायचं. मग गोदाच्या डोळ्यांकडे पाहिलं, विम्यावरचं दाजींचं नाव आठवलं नि कळलं, ती काय विचारतेय. तिच्या अंगावर धावून गेले मी.

पण काल हप्त्याला तीनशे कमी पडत होते, दाजींनी पाठवलेल्या नोटा हातात होत्या, नि तोच विचार माझ्या मनात आला. क्षणभरच. पण आला, ताई.

त्यांना डॉक्टरकडे ने. टेंपो बंद कर. पैसे पाठवू नकोस. मी इतक्यात कशेळ्याला येणार नाही, त्यांच्यासमोर उभी राहू शकणार नाही.

हे वाचूनही लोभ उरला, तर ठेव.

दीप्ती