सातव्या जोडीतला मोजा

क्रायमियाची छावणी,
१२ नोव्हेंबर १८५४

ती. डॉर्कस आत्यास, अँब्रोजचे सा. न. वि. वि.

तुझा भाचा धडधाकट आहे, हे आधी सांगतो. वर्तमानपत्र या पत्राआधी पोचलं तर तुला घेरी यायची. इथल्या बातमीदाराने त्यात लिहून धाडलंय की, गेल्या रविवारी दाट धुक्यात लेफ्टनंट टकवेल आरोळी ठोकत एकटाच रशियनांवर धावून गेला, मागून सगळी तुकडी गेली आणि रशियन तोफ टाकून पळाले. आरोळी माझीच होती, हे खरं. बाकीचं काय सांगू! मी काहीएक केलं नाही, असं इथे दहादा सांगून झालं. जितकं सांगतो, तितके जास्त जोरात पाठीवर थापा मारतात.

आपल्या गावचा ईनॉक स्प्रॅग माझ्याच तुकडीत शिपाई आहे. त्याच्या खांद्यात गोळी लागली, पण जिवाला धोका नाही. त्याच्या आईला कळव. पहारा सोडल्यावरून त्याचं थोडं लफडं झालंय. मिटेल.

चिखल इथे गुडघाभर आहे. जमल्यास एक मोजा विणून धाड. जोडी नको, एकच. सातव्या जोडीतला एक हरवला.

पायाला गारठा आहे, तुझ्या मायेची ऊब असू दे.

तुझा अँब्रोज

मार्शबी,
५ डिसेंबर १८५४

चि. अँब्रोज यास डॉर्कस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

वर्तमानपत्र तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधीच आलं आणि गाव खुळावलं. पाद्रीबुवांनी ते भर चर्चमध्ये वाचलं. चौकातल्या पाण्याच्या पंपावर तुझ्या नावाचा दगड बसवायचं ठरलंय. मला हसू आवरेना. शेजारच्या पाळीव हंसाला भिऊन खुराड्यावर चढलेला आणि दुपारभर खाली न उतरलेला अँब्रोज तो हाच का, असं मनात आलं. नाताळच्या पुडिंगमध्ये घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी डाव फिरवायचा असतो. तुझ्या वाटचा मीच फिरवला.

पण हसू टिकलं नाही. काल ईनॉकची आई, टॅबिथा स्प्रॅग, धुण्याची टोपली टेकवून आली. ईनॉकने कुणाकडून तरी पत्र लिहवून पाठवलं होतं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचायला बसले. तो म्हणतो की, खेचरांच्या गोठ्यावर तोफगोळा पडला, आत कुणीतरी बोंबलत होतं, म्हणून पहारा सोडून तो धावला. पिठाच्या पिंपात दडलेल्या साहेबांना त्याने ओढून काढलं, खांद्यावर टाकलं, धुक्यात वाट चुकला आणि थेट रशियनांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. साहेब खांद्यावरून मेलो मेलो म्हणून ओरडत होते, तीच ती आरोळी; धुक्यात मागच्या तुकडीला तेवढीच ऐकू आली. हे सांगितल्यावर अधिकारी खो खो हसले म्हणे. शूर टकवेल आणि पिंपात! आता पहारा सोडलाच, वर खोटंही बोलला, असं त्याच्यावर आलंय. खांदा भरला की खटला, आणि मग अख्ख्या पलटणीसमोर उघड्या पाठीवर पन्नास फटके.

टॅबिथाने विचारलं, कोणते साहेब? मी म्हटलं, इथे शाई फुटलीय. बासष्टाव्या वर्षी एका गरीब बाईशी मी खोटं बोलले, ते तुझ्यापायी.

एकच मोजा कसा हरवला, ते मला खरं खरं लिही. रागावले आहे, तरी आशीर्वाद मागे घेतलेले नाहीत.

तुझी आत्या

छावणी,
२८ डिसेंबर १८५४

ती. आत्यास, खाली मान घालून सा. न. वि. वि.

ईनॉकचं अक्षर न् अक्षर खरं आहे. पहिली तोफ झाली आणि माझी पाचावर धारण बसली. मी पिंपात शिरलो. छपराचं लाकूड पिंपावर कोसळलं, डावा पाय अडकला. ईनॉकने ओढलं तेव्हा मी बाहेर आलो, बूट आणि मोजा आतच राहिले.

मी कर्नलसाहेबांकडे गेलो होतो. लटपटत सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. शिपायाला वाचवायला स्वतःवर एवढा बट्टा लावून घेतोस, खरा सद्गृहस्थ आहेस, असं म्हणून त्यांनी मला स्वतःच्या हाताने पेला भरून दिला. तंबूत परतताना, चला सुटलो, असं वाटलं. नेमकं तेच वाटलं म्हणून झोप लागत नाही.

फार जोर केला आणि त्यांना पटलं, तर अंगावरचा गणवेश उतरवून हाकलतील. मग मार्शबीत तोंड कसं दाखवू? खटला दहा फेब्रुवारीला आहे. काय करू, ते सांग.

मायेला पात्र नसलेला,
अँब्रोज

मार्शबी,
१८ जानेवारी १८५५

चि. अँब्रोज यास आशीर्वाद.

आपल्या लोकांची ही जुनी खोड आहे. मी शूर, असं कुणी म्हटलं की नाकं मुरडायची. मी भित्रा, असं म्हटलं की त्याला डोक्यावर घ्यायचं. त्यांना सांगून काही व्हायचं नाही, राजा. दाखव. तुझ्या प्रत्येक मोज्याच्या काठावर मी तुझी अक्षरं आणि जोडीचा आकडा विणते, तो काय शोभेसाठी? ते पिंप अजून तिथेच असेल, तर पुढचं तुला सुचेल.

टॅबिथाला मी खरं सांगितलं. ती एप्रनचं टोक पिळू लागली. मग म्हणाली की, अँब्रोज लहानपणी शाळेला भिऊन तिच्या धुण्याच्या टोपलीत दडायचा, तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आता तिच्या ईनॉकची पाठ आहे, आता सांगावं लागेल. जाताना दाराशी थांबली आणि मला अक्षरं शिकवा म्हणाली. ईनॉकचं पुढचं पत्र तिला स्वतः वाचायचंय.

तू शूर हो, असं मी म्हणत नाही. पाय लटपटले तर लटपटत जा. इकडे तोंड दाखवायची काळजी करू नकोस, दार मीच उघडते.

तुझी आत्या

छावणी,
१२ फेब्रुवारी १८५५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. कोर्टात पाच अधिकारी. मी पिंपाचं सांगितलं, पाचही जण कौतुकाने हसले. एक तर म्हणाला, याचा विनय आता पुरे. ईनॉक खाली बघत उभा होता. मग मी खाली बसलो, उजवा बूट काढला आणि पाय थेट टेबलावर ठेवला. कर्नलसाहेबांच्या दौतीला अंगठा लागला. म्हटलं, हा आकडा वाचा, अ. ट. ७. याचा जोडीदार गोठ्यातल्या पिंपात आहे, माणूस पाठवा.

हसू थांबलं. माणूस अर्ध्या तासाने बर्फाने माखलेला बूट घेऊन आला. आत मोजा. अ. ट. ७. बुटातलं पाणी टेबलावर ठिबकत होतं. तेवढा वेळ माझा पाय टेबलावरच होता. काढायचं भानच राहिलं नाही.

ईनॉक सुटला. त्याला बढती देऊन कॉर्पोरल केलंय. माझी तुकडी काढून घेतली. कर्नलसाहेब आता पेला भरत नाहीत. हाकलतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी विचारलं, काय करता येईल तुला? जखमींना खेचरांवरून बंदरात पोचवायचं काम मी मागितलं. वाटेवर कधीमधी गोळे पडतात. प्रत्येक खेपेला मी भितो, आणि खेचराला ते आधी कळतं. पण जखमी माणूस वर बसलेला असला की पिंपात शिरता येत नाही. काल ईनॉक भेटला. एवढंच म्हणाला की, साहेब, तुम्ही दिसता त्यापेक्षा जड आहात.

पंपावरचा दगड काढायला सांग. लोभ उरला असेल तर कळव.

अँब्रोज

मार्शबी,
६ मार्च १८५५

चि. अँब्रोज यास उदंड आशीर्वाद.

रविवारी पाद्रीबुवांनी तुझं पत्र वाचलं. लोक आधी गालातल्या गालात हसले. किती तो विनय, अशी कुजबुज झाली. तेव्हा टॅबिथा उठली. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी बाई. ईनॉकचं ते पहिलं पत्र तिने अक्षराला अक्षर लावत, बोट ठेवून, स्वतः वाचलं. पिंपापाशी आल्यावर ती अडखळली नाही. शेवटी तिला हुंदका आला, आणि मग कुणी हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात पंपावर ईनॉकचं नाव बसतंय. दोन-चार घरांत तुझ्या नावाने नाकं मुरडताहेत, ते लपवत नाही. पण कसायाने मला विचारलं, तो आता खरंच खेचरं हाकतो का, आणि मी हो म्हटल्यावर त्याने टोपी काढली.

दोन जोड्या धाडते आहे. एकीवर ईनॉकची अक्षरं, दुसरीवर तुझी, आकडा आठ. दोन्ही मोजे पायात घालून ये. लोभ उरलाय का विचारतोस, वेड्या? तो कुठल्या पिंपात मावायचा!

पाथरवटाने विचारलं, दगडाच्या मागच्या बाजूचं काय करायचं? म्हटलं, ती कोरीच ठेव. आमचा पोरगा अजून चोवीस वर्षांचा आहे.

तुझी आत्या