नवव्या पँटीचे अकरा इंच

चिरंजीव जावईबापूंना सासऱ्याचे भरभरून आशीर्वाद.

तुम्ही आणि आमची लेक दोघंही ठणठणीत असाल असं धरून चालतो. तुमचा खोकला गेला का? नसेल गेला तर लेकीचं ऐकू नका, डॉक्टरांचं ऐका. (दोघांचं म्हणणं एकच असेल तर लेकीचं ऐकलं असं सांगा, घरात शांतता राहते.) इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण दुकानातला फोन तुमच्या सासूबाईंच्या शिलाई मशीनला खेटून आहे आणि मशीन कितीही घडघडत असलं तरी त्यांना पलीकडचंसुद्धा ऐकू येतं. म्हणून पत्र.

विषय आपल्या प्रोग्रामचा. गिऱ्हाइकाचं माप टाकलं की कापड बेतायची चिठ्ठी छापून देणारा तो प्रोग्राम मी स्वतः लिहिला (सांगत तुम्ही होतात, पण बोटं माझी होती). त्यात अगदी वर 'जादा = २' अशी ओळ आहे, म्हणजे शिलाईसाठी कंबरेला दोन इंच कापड जास्त सोडायचं. हे ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे दुकानातल्या भिंतीवरची पाटी, कुणीही मान वर करून वाचावी, असं तुम्हीच समजावलं होतं. चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग वाद्यवृंदाचं काम आलं. नऊ वादक, नऊ पँटी, रविवारी कार्यक्रम. ही मंडळी बसून वाजवतात आणि कार्यक्रम झाला की पुन्हा बसून जेवतात, तेव्हा प्रत्येकाला आणखी एक इंच द्यावा असं माझ्या मनात आलं. दर गिऱ्हाइकाची चिठ्ठी बनवणारा जो तुकडा आहे, त्या फंक्शनमध्ये मी 'जादा = जादा + १' अशी ओळ घातली. (वर दोनाचे सरळ तीन का नाही केले, असं तुम्ही विचाराल. सासूबाईंनीही तेच विचारलं. सुचलं नाही, हे उत्तर चाळीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच दिलं.) ओळ घातली आणि कॉम्प्युटर अडून बसला. म्हणे, 'जादा'ला अजून किंमतच दिलेली नाही. वर ढळढळीत दोन लिहिलेत की! बरंच समजावलं, शेवटी नाद सोडून जेवलो आणि जरा लवंडलो. उठून पाहतो तर तक्रार गायब. अजूनही आपल्या शब्दाला मान आहे असं समजून मी नऊच्या नऊ चिठ्ठ्या छापल्या आणि कापडाला कात्री लावली.

शुक्रवारी मंडळी पँटी घालून बघायला आली. पहिला व्हायोलिनवाला, तो खूश. दुसरा म्हणाला, जरा सैल वाटते. मी म्हटलं, जेवून या. पाचव्याने पँट दोन्ही हातांनी धरली आणि मग वाजवायचं कशाने, असं विचारलं. नववा बासरीवाला, तो बिचारा मुळात आपल्या बासरीएवढाच जाड. त्याने पँटीच्या आत उभ्या उभ्या अख्खी गिरकी घेतली, पँट मात्र समोरच बघत राहिली. हसू मलाही आलं, पण सासूबाईंनी गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला तसं ते आटलं. "महिनाअखेर हा डबा माळ्यावर जाईल," त्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या, "आणि मापांची वही परत खाली येईल."

जावईबापू, खरं सांगतो, मला हा डबा फार आवडतो. या वयात काहीतरी नवीन जमतंय या आनंदात मी सकाळी दुकान उघडायला अक्षरशः धावत जातो. म्हणून लगेच बसलो आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे दर चिठ्ठीला 'जादा' छापून पाहिला. तीन, चार, पाच, असं करत नवव्याला अकरा! फंक्शनमध्ये पाहतो तर माझ्या ओळीच्या डोक्यावर 'ग्लोबल जादा' बसलेला. तो शब्द नव्हता तोवर फंक्शन भिंतीवरची पाटी सोडून स्वतःच्या खिशातला कागद शोधत होतं आणि तो कोरा म्हणून कुरकुरत होतं. शब्द आला आणि दर वादकामागे भिंतीवरची पाटीच पुसून एक आकडा वाढू लागला. मी तो शब्द काढला, 'याचा_जादा = जादा + १' असं वेगळं नाव केलं, पाटीला हात लावला नाही. नऊही जणांना तीन! मी एकटाच टाळ्या वाजवल्या. शनिवारभर आम्ही दोघांनी मिळून शिवणी उसवल्या, निघालेल्या पट्ट्यांचे नऊ बो शिवून दिले, आणि रविवारी वाकून अभिवादन करताना एकाही वादकाचा हात कंबरेकडे गेला नाही.

सगळं गोड झालं, पण माळ्याचा निकाल तसाच आहे. लेकीला आशीर्वाद.

तुमचा,
सासरा

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. तो 'ग्लोबल' मीच झोपेच्या तारेत टाइप केला असणार, दुसरं कोण करणार? सासूबाई मला सोडायच्या नाहीत, पण जावयाला त्या शब्दानेही दुखावणार नाहीत. तेव्हा तो शब्द तुम्हीच घालायला सांगितला होता असं फोन करून त्यांना कळवाल का? डबा वाचेल.

ता. क. दुसरा. हे अक्षर माझं, सासूबाईंचं. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं हे यांच्या लक्षात राहत नाही. तुम्ही कुठलाही दोष अंगावर घेऊ नका. 'ग्लोबल' मी घातला. हे घोरत होते, डबा अडून बसलेला मला बघवेना, यांच्या टिपणांत तो शब्द सापडला, घातला आणि चाललं की हो! त्या आनंदात पुढचा विचारच केला नाही. शुक्रवारी मी चिडले ती स्वतःवर, बोलले डब्याला. तो कुठेही जाणार नाही, माळ्यावर जागा नाही असं मी यांना सांगणार आहे. फोन मात्र जरूर करा, पण दुपारी दोन ते तीनमध्ये. तेव्हा हे झोपलेले असतात, आणि मला अजून प्रोग्राममधला लूप नीट कळलेला नाही.